'रेडियम'च्या चांदण्या : शब्द बरोबर की चूक?

नागपूरच्या महाल भागातील एका शिक्षिकेने विचारले आहे की, मुलांच्या खोलीच्या छताला चिकटवलेल्या चांदण्या, आजोबांच्या गजराच्या घड्याळाचे काटे, मोटारीत ठेवलेली हिरवट उजळणारी गणपतीची मूर्ती आणि दुचाकीच्या नंबरप्लेटवरील अक्षरे या सगळ्यांना आपल्याकडे सर्रास 'रेडियम' म्हणतात. तर या वस्तूंमध्ये खरोखर रेडियम असते का, नसल्यास मराठीत कोणता शब्द योजावा, आणि त्या अंधारात 'चमकतात' असे लिहिणे योग्य ठरेल का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. या चार वस्तूंपैकी रेडियम असण्याची शक्यता केवळ आजोबांच्या घड्याळात आहे, तीही ते घड्याळ पुरेसे जुने असेल तरच. चांदण्या आणि मूर्ती निराळ्याच कारणाने उजळतात, आणि नंबरप्लेटवरील अक्षरे तर स्वतः मुळीच उजळत नाहीत.

तरीही हा शब्द हवेतून आलेला नाही. मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ साली रेडियम शोधले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश झिंक सल्फाइडमध्ये मिसळून घड्याळांसाठी रंग तयार होऊ लागला. रेडियममधून सतत बाहेर पडणारे अल्फा कण झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळत आणि प्रत्येक आघातासरशी प्रकाशाची एक सूक्ष्म ठिणगी उडे. अशा असंख्य ठिणग्या मिळून काट्यांवर अखंड हिरवट उजेड दिसे. त्या घड्याळाला दिवसा उन्हात ठेवण्याची गरज नव्हती, कारण उजेडाचा स्रोत त्याच्या पोटातच होता. अमेरिकेत हा रंग तबकडीवर भरणाऱ्या तरुण मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी बारीक करायला शिकवले गेले, त्यातून रेडियम त्यांच्या हाडांत साठले आणि अनेकींना जीव गमवावा लागला. त्यांच्यापैकी पाच जणींनी न्यू जर्सीतील कंपनीविरुद्ध केलेला दावा १९२८ साली तडजोडीने मिटला. कामगारांच्या सुरक्षिततेच्या इतिहासात हे प्रकरण कायमचे नोंदले गेले आहे. पुढे १९६०च्या दशकापर्यंत घड्याळांतून रेडियम जवळजवळ हद्दपार झाले. वस्तू गेली, पण नाव मागे राहिले, जसे कोणत्याही वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणण्याची सवय राहिली.

नागपुरात तर हे नाव आणखी पुढे गेले आहे. रंगीत चिकटपट्टीच्या कागदातून अक्षरे कापून गाडीवर लावून देणाऱ्याला आपण 'रेडियमवाला' म्हणतो आणि त्याच्या कामाला 'रेडियम कटिंग'. त्यातले कित्येक कागद अंधारात उजळत नाहीत आणि प्रकाशही परतवत नाहीत, ते निव्वळ रंगीत असतात. बोलीत हा वापर मला मुळीच आक्षेपार्ह वाटत नाही. दुकानात जाऊन कोणी 'परावर्तक पट्टी द्या' म्हणणार नाही, म्हणूही नये. मात्र विज्ञानाच्या पाठात किंवा वर्तमानपत्रात 'या खेळण्यात रेडियम असते' असे छापले गेले, तर वाचकाच्या मनात एकतर विनाकारण भीती बसेल, नाहीतर खऱ्या रेडियमविषयी घातक निष्काळजीपणा येईल. म्हणून लिहिताना शब्द वेगळे करणे आवश्यक आहे.

आता चांदण्यांकडे वळू. आज मिळणाऱ्या चांगल्या प्रतीच्या चांदण्यांत बहुधा स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते आणि त्यात युरोपियम व डिस्प्रोशियम या दुर्मीळ मूलद्रव्यांचा किंचित अंश मिसळलेला असतो. हा पदार्थ १९९०च्या दशकात जपानमध्ये विकसित झाला. स्वस्त चांदण्यांत अजूनही तांब्याचा अंश असलेले झिंक सल्फाइड वापरतात, म्हणून त्या थोड्याच वेळात मंदावतात. दोन्ही प्रकारांत किरणोत्सार नाही. बाहेरचा उजेड पडला की स्फटिकातील इलेक्ट्रॉन ऊर्जा घेऊन वर उचलले जातात, त्यांपैकी काही स्फटिकरचनेतील खोबणींत अडकून बसतात, आणि खोलीतील साध्या उष्णतेचे धक्के बसत बसत एकेक करून सुटतात. सुटताना ते जी ऊर्जा सोडतात, तीच आपल्याला हिरवट उजेडाच्या रूपाने दिसते. माठातले पाणी जसे भरून झाल्यावरही रात्रभर झिरपत राहते, तसा हा आत साठलेला उजेड दिवा मालवल्यावर बाहेर येतो.

याची खात्री घरीच करता येते. एक चांदणी दिव्याखाली धरून नंतर अंधारात न्यावी आणि तिच्यावर ऊबदार बोट काही क्षण दाबून ठेवावे. बोट उचलल्यावर तेवढा भाग बाजूच्या भागापेक्षा किंचित अधिक उजळलेला दिसतो, कारण बोटाच्या उष्णतेने अडकलेले इलेक्ट्रॉन लवकर सुटले. उलट तीच चांदणी फ्रीजरमध्ये ठेवली तर ती मंद दिसते, पण तिचा साठा अधिक काळ टिकतो. लाल झिरो बल्बखाली मात्र ती कितीही वेळ ठेवली तरी भरत नाही. तिला निळा, जांभळा किंवा अतिनील प्रकाश लागतो. आपल्याकडील मे महिन्यातल्या तापलेल्या छतावरच्या चांदण्या आधी जोमाने उजळून लवकर का विझतात, याचेही उत्तर याच खोबणींमध्ये आहे.

या घटनेला शास्त्रीय मराठीत 'अनुस्फुरण' म्हणतात आणि माझ्या मते हा शब्द फार चांगला जुळला आहे. 'अनु' म्हणजे मागाहून, आणि 'स्फुर्' या संस्कृत धातूत थरथरणे व झळकणे हे दोन्ही अर्थ आहेत. बाहू स्फुरतात, कविता स्फुरते, आणि इथे मागाहून उजेड स्फुरतो. अडचण एवढीच की ट्यूबलाइटमध्ये घडणाऱ्या निराळ्या घटनेला, म्हणजे प्रकाश पडत असेपर्यंतच उजळण्याला, 'अनुदीप्ती' असा शब्द चालतो आणि त्यातही तेच 'अनु' आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो. त्या घटनेला 'प्रतिदीप्ती' हा दुसरा प्रचलित शब्द मी पसंत करतो, कारण 'प्रति'मधून तत्काळ दिलेला प्रतिसाद सूचित होतो. कपड्यांना घातलेले टिनोपॉल अतिनील दिव्याखाली निळसर उजळते ते प्रतिदीप्तीमुळे. दिवा मालवला की त्याचा उजेडही त्याच क्षणी जातो.

'स्फुर्'वरून आलेला दुसरा शब्द विदर्भातील प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडी आहे : नत्र, स्फुरद आणि पालाश यांतील 'स्फुरद', म्हणजे फॉस्फरस. हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांटने १६६९ साली मूत्रापासून हे मूलद्रव्य मिळवले, तेव्हा ते अंधारात उजळताना पाहून लोक थक्क झाले. पण गंमत अशी की स्फुरदाचे उजळणे हे अनुस्फुरण नव्हे. पांढऱ्या स्फुरदाचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो आणि त्या रासायनिक क्रियेतून उजेड निघतो; त्याला आधी प्रकाशात ठेवावे लागत नाही. नावे जवळची असली तरी कारणे दूरची आहेत, हे वर्गात आवर्जून सांगावे. आणि खताच्या पोत्यातील स्फुरद फॉस्फेटच्या रूपात असल्यामुळे ते अंधारात उजळत नाही, हेही सांगावे, कारण चौकस विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात.

नंबरप्लेटच्या बाबतीत शब्दांचे काम सोपे आहे. सूर्य स्वयंप्रकाशी आणि चंद्र परप्रकाशी, हे आपण शाळेतच शिकतो. परावर्तक पट्टी चंद्राच्या पंक्तीतली आहे. तिच्यातील काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म लोलक आलेला प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत धाडतात. म्हणून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची लाल पट्टी मागून येणाऱ्या वाहनचालकाला लखलखीत दिसते, पण त्याच वेळी रस्त्याकडेला उभ्या माणसाला ती निस्तेज वाटते. तिला लिहिताना 'परावर्तक पट्टी' म्हणावे. अनुस्फुरक चांदणी मात्र या दोन्ही रकान्यांत नीट बसत नाही : उजेड तिचा स्वतःचा असतो, ऊर्जा मात्र उसनी.

यावरूनच क्रियापदाचा प्रश्न सुटतो. मराठीत 'चमकणे', 'चकाकणे' आणि 'लकाकणे' यांत पृष्ठभागावरून उसळणाऱ्या प्रकाशाची छटा ठळक आहे; घासलेले पितळ चकाकते, नवे भांडे लकाकते. 'चमकणे' वीज आणि काजव्यालाही चालते, पण तिथे क्षणिकता अभिप्रेत असते. 'मिणमिणणे' अपुऱ्या ज्योतीसाठी, 'तेवणे' स्थिर ज्योतीसाठी. चांदणीचा उजेड ज्योतीचा नाही, क्षणिकही नाही, म्हणून 'अंधारात मंद उजळते' हे मला सर्वांत नेमके वाटते. परावर्तक पट्टीसाठी 'चमकते' अगदी योग्य आहे. बंद केल्यावरही एखादा एलईडी बल्ब अंधुक दिसत राहतो, त्यालाही 'मंद उजळतो' म्हणता येईल. मात्र तिथे अनुस्फुरण क्षणभराचेच असते, आणि उजेड रात्रभर टिकला तर बटणातील दर्शक दिवा किंवा न्यूट्रल तारेवर बसवलेले बटण यांमुळे किंचित विद्युतप्रवाह वाहत असतो. बटण फेज तारेवर आहे ना, हे वायरमनकडून तपासून घ्यावे.

राहिले आजोबांचे घड्याळ. ते आता अंधारात उजळत नसेल तर त्यातील रेडियम संपले, असा निष्कर्ष काढू नये. रेडियमचा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्याचे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, सुमारे १६०० वर्षे आहे. काही दशकांत निकामी होते ते अल्फा कणांचा मारा सोसणारे झिंक सल्फाइड. त्यामुळे काच काढून काट्यांवरील तपकिरी पडलेला रंग खरवडणे किंवा मुलांना तो हाताळू देणे कटाक्षाने टाळावे. या एका वस्तूबाबत, ते खरेच त्या काळातले असेल तर, 'रेडियमचे घड्याळ' हा शब्दप्रयोग लिखाणातही अक्षरशः बरोबर आहे.