मुकाट्याने संपवायची सुरळी

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त ओसाकात राहते. गेल्या फेब्रुवारीत सहकाऱ्यांनी तिच्या हाती सुशीची न कापलेली अख्खी सुरळी दिली आणि ठरावीक दिशेला तोंड करून, एक शब्दही न बोलता ती संपवायला सांगितले. ही प्रथा खरोखर प्राचीन आहे की दुकानदारांनी रुजवलेली? शाकाहारी माणसाला ती पाळता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या कन्येने खाल्लेला पदार्थ म्हणजे ‘एहोमाकी’. ‘एहो’ ही त्या वर्षाची शुभ दिशा. अशा दिशा चारच असून २०२६ साठी ती दक्षिण-आग्नेय आहे. सुरळी कापली तर दैवाचा धागा तुटतो आणि मध्येच बोलले तर ते निसटते, अशी समजूत असल्याने हा मौनाचा नियम आला. खाण्याचा दिवस ‘सेत्सुबुन’, म्हणजे जुन्या पंचांगातील वसंतारंभाची पूर्वसंध्या. ती बहुधा ३ फेब्रुवारीला येते.

आपली शंका रास्त आहे, पण दिवस आणि पदार्थ यांत फरक करावा लागेल. सेत्सुबुनला ‘ओनि वा सोतो, फुकु वा उचि’, म्हणजे ‘राक्षस बाहेर, भाग्य घरात’, असे ओरडत भाजलेले सोयाबीन उधळायचे आणि आपल्या वयाइतके दाणे खायचे, ही चाल कित्येक शतकांची आहे. दाणे भाजूनच घेतात, कारण उधळलेल्या दाण्याला कोंब फुटणे अशुभ मानतात. चिबा प्रांतातील नारितासान मंदिरात तर राक्षसांना हाकलतही नाहीत, केवळ भाग्याला बोलावतात. तेथील मुख्य देवता अचलनाथ हिच्या करुणेपुढे राक्षसही सुधारतात, असा त्यामागचा भाव आहे.

सुरळीची कूळकथा मात्र धूसर आहे. ओसाकातील सुशीवाल्यांनी आणि नोरी या समुद्रशेवाळाच्या व्यापाऱ्यांनी ती विसाव्या शतकात जाहिरातींतून पुढे आणली. १९८९ मध्ये हिरोशिमातील सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांत ती ‘एहोमाकी’ या नावाने विकली गेली आणि १९९८ मध्ये देशभर पोहोचली. पुढे न खपलेल्या सुरळ्यांचे ढीग कचऱ्यात जाऊ लागले, तेव्हा २०१९ मध्ये जपानच्या कृषी मंत्रालयाला विक्रेत्यांना मागणीपुरतेच उत्पादन करण्याची विनंती करावी लागली. तरीही मी तिला निव्वळ धंदा म्हणणार नाही, कारण आज अनेक घरांत मुलांसह ती हौसेने वळली जाते.

आत सात जिन्नस घालतात, ते सात भाग्यदेवतांच्या नावे. त्यांतील बेन्झाइतेन म्हणजे आपली सरस्वती आणि दाइकोकुतेन हे मूळचे महाकाल. शाकाहारी सुरळी सहज जमते. काकडी, शिताके अळंबी आणि दुधी भोपळ्याच्या वाळवलेल्या पट्ट्या (‘कानप्यो’) हे नेहमीचेच जिन्नस आहेत. अंडे चालत नसेल तर ते वगळावे. अडचण एवढीच की अळंबी आणि पट्ट्या बहुधा ‘दाशि’त, म्हणजे माशाच्या सारात, शिजवतात. तेव्हा विकत घेण्यापेक्षा त्या कोंबू या समुद्रवनस्पतीच्या पाण्यात घरीच शिजवून घ्याव्यात.