हेक्झेनने ब्रोमीन पाण्याचा रंग घालवला? आधी वरचा थर बघा

ताई, हेक्झेन आणि सायक्लोहेक्झीन दोन्हींत ब्रोमीन पाण्याचा रंग गेला, आणि 'मग संपृक्त-असंपृक्त फरक कुठे राहिला' असं मुलं विचारतात, हे तुम्ही लिहिलंय. हेक्झेन संपृक्त, म्हणजे फक्त एकेरी बंधांचं; सायक्लोहेक्झीन असंपृक्त, म्हणजे दुहेरी बंध असलेलं, आणि रंग फक्त त्याच्यातच जायला हवा. ही अडचण चांगलीच ओळखीची आहे. बाटलीवर संशय घेण्याआधी परीक्षानळी नीट बघा.

हेक्झेन पाण्यात मिसळत नाही, हलकं असल्याने वर राहतं. नळी हलवली की ब्रोमीन पाणी सोडून हेक्झेनमध्ये जातं, कारण त्यात ते जास्त विरघळतं. खालचं पाणी फिकं पडतं आणि मुलं वहीत 'रंग गेला' लिहून मोकळी होतात. रंग गेलेला नसतो, वर चढलेला असतो. सायक्लोहेक्झीनमध्ये हलवता हलवता दोन्ही थर रंगहीन होतात. निरीक्षणाच्या रकान्यात दोन्ही थरांचा रंग वेगवेगळा लिहायला लावा.

आता वरचा थरही फिका पडत असेल, तर ऊन. आपल्याकडे फेब्रुवारीतच पश्चिमेच्या खिडकीतून येणारं ऊन झळझळीत असतं. त्या प्रकाशात हेक्झेनमधल्या हायड्रोजनची जागा ब्रोमीन घेतं. ही प्रतियोजन अभिक्रिया, समावेशन (दुहेरी बंधावर ब्रोमीन जोडलं जाणं) नव्हे. दोन नळ्यांत प्रत्येकी 1 मिली हेक्झेन आणि 1 मिली ब्रोमीन पाणी घ्या, एक काळ्या कागदात गुंडाळून कपाटात, दुसरी उन्हात ठेवा. कपाटातली नारिंगी राहिली तर दोष उन्हाचा. तीही विरली तर हेक्झेन अशुद्ध. प्रतियोजन झालं का हे ठरवायला लिटमसवर मात्र विसंबू नका, ब्रोमीन पाणी मुळातच आम्लधर्मी असतं.

हेक्झेनऐवजी पंपावरचं पेट्रोल वापरू नका, कोणी कितीही सांगो. आमच्याकडच्या एका कार्यालयाने हेक्झेनच्या मागणीपत्रावर 'पेट्रोल चालेल' असा शेरा मारून ते परत केलं होतं. पेट्रोलमध्ये असंपृक्त घटक असतात, शिवाय 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल. असंपृक्तता ओळखण्याच्या दुसऱ्या चाचणीतला परमँगनेटचा जांभळा रंगही पेट्रोल घालवतं. त्यात थोडं बेंझीनही असतं, ते मुलांच्या नाकाजवळ नकोच. खर्च वाचवल्याचं समाधान कार्यालयाला, चुकीचे निष्कर्ष मुलांच्या वहीत! याचा राग अजून जात नाही.

ब्रोमीन पाण्याची जुनी बाटली उन्हाळ्यात आपोआप फिकी होते. द्रव ब्रोमीन उघडण्यापेक्षा हे बरं: 90 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात 0.17 ग्रॅम पोटॅशियम ब्रोमेट आणि 0.7 ग्रॅम पोटॅशियम ब्रोमाइड विरघळवा, मग 1 मोलर सल्फ्युरिक आम्ल 10 मिली घाला. थोड्या वेळात नारिंगी-पिवळं होतं. लागेल तेवढंच त्याच दिवशी करा, खिडकी उघडी ठेवा. ब्रोमेट ऑक्सिडीकारक आणि विषारी आहे, वजन शिक्षकानेच करावं. तुमच्या तराजूवर 0.01 ग्रॅम मोजता येत नसेल तर दोन्ही क्षार दहापट मोजून 900 मिली पाण्यात विरघळवा आणि त्यातल्या 90 मिलीतच आम्ल घाला.

बेयर चाचणीसाठी, म्हणजे वर आलेल्या परमँगनेटच्या चाचणीसाठी, परमँगनेट 1 टक्का, थंड, सोबत सोडियम कार्बोनेटचे थेंब. तपकिरी साका आला तरच होकार. नळी अल्कोहोलने धुतली असेल तर ती कोरडी झाल्याशिवाय घेऊ नका.

उरलेलं ब्रोमीन थायोसल्फेटच्या द्रावणाने रंगहीन करा. हेक्झेन बेसिनमध्ये ओतू नका, झाकणाच्या बाटलीत साठवा, आणि स्पिरिटचा दिवा त्या टेबलावर पेटवूच नका.