ताईला लिंच सिंड्रोम, माझा रिपोर्ट निगेटिव्ह

प्रश्न: आमची आई गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली, मामाला आतड्याचा झाला होता. म्हणून ताईने जीन टेस्ट केली तर लिंच सिंड्रोम (घराण्यात चालत येणारा कॅन्सरचा धोका) निघाला, एमएसएच २ नावाच्या जीनमध्ये बदल आहे म्हणे. मग मी केली, माझी निगेटिव्ह आली. ताईला आत्ता कॅन्सर नाहीये, पण तपासणी जवळ आली की ती कुणाशी बोलत नाही. मी म्हटलं काही होत नाही गं, तर भडकली, म्हणाली तुला बोलायला काय जातंय. मी नेमकं करू काय?

उत्तर: ताईचं चुकलं नाही आणि तुझंही नाही, पण ते "काही होत नाही गं" आधी बंद कर. तिने आईला आणि मामाला बघितलंय, त्यामुळे ते वाक्य तिला खोटंच वाटणार. १८९५ मध्ये अमेरिकेत वॉर्थिन नावाच्या डॉक्टरांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं होतं की घरातली बरीच माणसं आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली, मीही तशीच जाणार, आणि ती खरंच गर्भाशयाच्या कॅन्सरने गेली. वॉर्थिननी तिला उगाच धीर देण्यापेक्षा तिच्या घराण्याची सगळी माहिती गोळा केली, १९१३ मध्ये छापली, आणि लिंच सिंड्रोमची गोष्ट तिथून सुरू होते. त्या बाईकडे कोलोनोस्कोपी (आतड्यात नळीने कॅमेरा घालून बघायची तपासणी) नव्हती, तुझ्या ताईकडे आहे, हा फरक फार मोठाय.

म्हणजे बघ, पेशींची कॉपी होताना ज्या चुका होतात त्या दुरुस्त करणारं एक जीन तिच्यात नीट चालत नाही, म्हणून आतड्यातल्या गाठीचा कॅन्सर व्हायला इतरांपेक्षा खूप कमी वेळ लागतो, आणि म्हणूनच तिला दर एक-दोन वर्षांनी आत बघावं लागतं. गाठ दिसली की बहुतेक वेळा तिथल्या तिथे काढतात. पण ती पेशंटही नाही आणि ठणठणीत म्हणून सुटलेलीही नाही, आणि ही अधांतरी अवस्था जन्मभराची आहे.

खरी मदत तपासणीच्या आदल्या रात्री लागते. ते पोट साफ करायचं औषध लिटरच्या हिशोबाने प्यायचं असतं, चव भयंकर, गार करून स्ट्रॉने प्यायलं की जरा उतरतं, मग रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या, पुसून पुसून कातडी सोलवटते, व्हॅसलिन हाताशी ठेव (हे कुणी सांगत नाही!). मुलं असतील तर त्या रात्री तू सांभाळ. दुसऱ्या दिवशी गुंगीचं औषध देतात, गाडी चालवता येत नाही, घरी आणायला माणूस लागतोच. आणि गाठ तपासायला पाठवली तर रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस सगळ्यात वाईट, तेव्हा दर तासाला "आला का?" विचारू नकोस.

गर्भाशय आणि अंडाशय काढायचा विषय कधीतरी निघेल, तेव्हा "काढून टाक ना एकदाचं" हे तोंडातून येऊ देऊ नकोस, ते तिचं आणि डॉक्टरांचं. मुलांना हा बदल मिळायची शक्यता प्रत्येकी ५० टक्के, पण टेस्ट सहसा मोठं झाल्यावर, त्यांच्या मर्जीने. मामाच्या मुलांना कळवायचं काम मात्र तू अंगावर घे, ताईला विचारून, कारण तेच तेच सांगून माणूस थकतं.

तुझ्या निगेटिव्हचं म्हणशील तर घरातला नेमका तोच बदल शोधून नाही आला ना, मग तो रिपोर्ट विश्वास ठेवण्यासारखा आहे, तुझ्याकडून तो बदल तुझ्या मुलांना जाणार नाही, नेहमीच्या तपासण्या तेवढ्या कर. सुटल्याचा आनंद झाला आणि त्याचीच लाज वाटली, असं झालंय ना? बऱ्याच भावंडांचं होतं. ते ताईला समजावत बसू नकोस, हवं तर समुपदेशकाकडे बोल.

आज फोन कर आणि एवढंच विचार, पुढची कोलोनोस्कोपी कधी आहे, तारीख सांग, मी रजा टाकते.