लिनक्सवर चालू असलेल्या सगळ्या प्रोसेसची नावं आणि मेमरी सी प्रोग्राममधून कशी काढायची? पीएस कमांड चालवून तिचं आउटपुट फोडलं तर चालेल का?

चालेल, पण तो द्राविडी प्राणायाम आहे. पीएस स्वतःच ही माहिती प्रॉक डिरेक्टरीतून वाचतं, खोटं वाटत असेल तर एसट्रेस (प्रोग्राम कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, काय काय मागतो ते दाखवणारं टूल) लावून पीएस चालवून बघा, फाइली उघडण्याची नुसती रांग लागलेली दिसेल. मग तुम्हीच थेट तिथून वाचा की!

प्रॉकमध्ये प्रत्येक प्रोसेसचं तिच्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या नंबराच्या) नावाने फोल्डर असतं. ओपनडिर, रीडडिर या सी फंक्शननी फिरायचं, ज्याचं नाव नुसत्या आकड्यांचं तेवढंच घ्यायचं आणि आतली स्टेटस फाइल ओळीओळीने वाचायची. नेमच्या ओळीत नाव, व्हीएमआरएसएसच्या ओळीत ती प्रोसेस रॅममध्ये किती बसलीय ते केबीत. कर्नल थ्रेडना (कर्नलच्या स्वतःच्या कामांना) ही दुसरी ओळच नसते, तेव्हा ती सापडेलच असं धरून कोड लिहू नका. आणि या फाइली डिस्कवर नसतातच बरं का, तुम्ही वाचता तेव्हा कर्नल मजकूर तयार करून देतो, त्यामुळे साइझ 0 दिसते आणि साइझ विचारून तेवढीच मेमरी मॅलॉकने घेतलीत तर हाती भोपळा. फाइल संपेपर्यंत वाचत राहायचं, बस.

शेजारीच स्टॅट नावाची फाइल आहे, सगळं एका ओळीत म्हणून नवशिक्यांना तीच सोपी वाटते आणि तिथेच गोची होते. त्यात दुसरं फील्ड कंसातलं नाव. नाव 'वेब कंटेंट' असं असेल आणि तुम्ही स्पेसवर तुकडे पाडलेत तर पुढची सगळी फील्डं एकेक घर सरकतात, स्टेटच्या (प्रोसेस चालू की झोपलेली, त्या फील्डच्या) जागी 'कंटेंट)' येतं. नावात कंसही असू शकतो, म्हणून एसटीआरआरसीएचआर फंक्शनने शेवटचा बंद कंस शोधून त्याच्या पुढून मोजायचं. नाव इथे 15 अक्षरांवर कापलेलं असतं, पूर्ण कमांड हवी तर सीएमडीलाइन फाइल वाचा, फक्त तिथे आर्ग्युमेंटांच्या मधे स्पेस नसून नल बाइट (किंमत 0, सीमध्ये स्ट्रिंग संपल्याची खूण) असतो, प्रिंटएफ पहिल्यावरच थांबेल.

अजून एक, फोल्डर दिसलं आणि तुम्ही फाइल उघडेपर्यंत प्रोसेस संपलेली असू शकते. एफओपनने नल दिला तर एक्झिट मारू नका, कंटिन्यू करून पुढच्या पीआयडीवर जा.

मॅकवर प्रॉक नाही, तिथे लिबप्रॉक लायब्ररी बघा. विंडोजवर टूलहेल्प फंक्शननी प्रोसेसच्या यादीचा स्नॅपशॉट घेऊन त्यातून फिरावं लागतं.