जुना रिसीव्हर घेतोयस? आधी हे बघ

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात फिरून जुना ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर वाजवणारा ॲम्प्लिफायर) शोधलास, छान केलंस. आवाजाच्या बाबतीत ही यंत्रं आजही दमदार आहेत. माझा पंधरा वर्षांचा झाला, तबला अजून खणखणीत वाजतो. पैसे देण्याआधी मात्र मागची पाटी वाच. फक्त १२० व्होल्ट लिहिलं असेल तर तो अमेरिकेतून आलेला. आपल्या २३० व्होल्टवर थेट लावलास की जळालाच समज. मग व्हॉल्यूमचं बटण हळूहळू फिरव. खरखर आली तर घाबरू नकोस, बहुतेक वेळा धूळ असते, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते. पण एका बाजूचा आवाज मधेच गायब होऊन बटण वाढवल्यावर परत येत असेल, तर रिलेवर, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचवर, संशय घे आणि भाव पाड.

एचडीएमआय नसलं तरी चालेल. टीव्हीची ऑप्टिकल केबल लाव, डॉल्बी डिजिटल म्हणजे ५.१ आवाज मिळतो, ॲटमॉस (वरूनही येणारा आवाज) नाही.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. रिसीव्हर बंद कपाटात कोंबू नकोस, वर वीतभर जागा सोड. कूलरच्या झोतात तर मुळीच नको. त्या ओल्या हवेने माझ्या पहिल्या रिसीव्हरच्या स्पीकर वायरींवर हिरवा थर चढला होता.