पक्षात खरंच एकी आहे का, हे नेत्यांच्या सोशल मीडियावरून ओळखता येतं का?

येतं, पण हातात हात घालून काढलेल्या फोटोंवरून नाही. मी गोव्यातल्या डिचोलीचा. एका उमेदवाराचं फेसबुक पेज वर्षभर सांभाळलंय, त्यामुळे थोडं आतूनही पाहिलंय.

२२ जानेवारी २०२२ रोजी, विधानसभा निवडणुकीआधी, काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या खुरसाकडे (क्रॉसकडे) आणि बेतीच्या दर्ग्यात पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. ते व्हिडिओ आमच्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर आले होते. त्याच वर्षी १४ सप्टेंबरला निवडून आलेल्या ११ पैकी ८ आमदार भाजपमध्ये गेले. त्याआधी २०१९च्या जुलैमध्ये १५ पैकी १० गेले होते, म्हणूनच तर देवासमोर उभं राहायची पाळी आली.

हे आकडे नीट पाहा. पक्षांतरबंदी कायद्यात दोन तृतीयांश आमदार एकत्र गेले तरच आमदारकी वाचते. १५ चे दोन तृतीयांश १०, आणि ११ पैकी किमान ८ लागतात. दोन्ही वेळा नेमके लागतील तेवढेच गेले. शेवटचा माणूस मिळेपर्यंत कुणीच तोंड उघडत नाही, त्यामुळे फुटीची बातमी पोस्टमध्ये शोधू नका. काय टाकायचं बंद झालंय ते बघा.

मी ज्यांचं पेज बघायचो त्यांनी एक दिवस सांगितलं, “वरचे नेत्यांचे फोटो जरा लहान कर.” पंधरा दिवसांनी पक्षाकडून येणारी तयार डिझाइन्स टाकू नको म्हणाले. मग चतुर्थीच्या शुभेच्छांतून निशाणी गेली, फक्त नाव आणि मतदारसंघ उरला. तोवर पक्षाविरुद्ध एक अक्षरही लिहिलं नव्हतं. पण गावातल्या कार्यकर्त्यांना कळलं होतं. ग्रामपंचायतीच्या पंच लोकांनी पक्षाच्या पोस्ट शेअर करणं आधीच सोडलं होतं. मला ते फार लागलं, कारण त्याच निशाणीसाठी आम्ही दारोदार फिरलो होतो.

आमच्याकडे मतदारसंघ सरासरी तीसेक हजार मतदारांचा. आमदार बारशाला, बाराव्याला घरी येतो. लोक पक्षाला नाही, त्याला फॉलो करतात. त्यामुळे पक्ष बदलला तरी पेज तेच राहतं, फॉलोअर्सही तेच. नुसता झेंडा बदलतो.

सगळ्यांनी एकाच वेळी एकच मजकूर टाकला तर ती शिस्त समजा, एकी नव्हे. २०२२ मध्ये तिकीट नाकारल्यावर मनोहर पर्रीकरांचे पुत्र उत्पल पर्रीकर पणजीतून आणि माजी मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर मांद्रेतून अपक्ष लढले, तेही भाजपसारख्या शिस्तीच्या पक्षातून बाहेर पडून.

तुमच्या आमदाराचं पेज उघडा आणि गेल्या तीन महिन्यांत प्रदेशाध्यक्षांच्या किती पोस्ट शेअर केल्या ते मोजा. वाढदिवसाच्या शुभेच्छा धरू नका, त्या सगळेच देतात.