चार पावसाळे आंब्याखाली उभी असलेली वॅगनआर घरच्या घरी नीट करता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांनी गाडी चालवणं सोडल्यापासून त्यांची २०११ ची सिल्व्हर वॅगनआर ठाण्यातल्या सोसायटीत आंब्याच्या झाडाखाली चार वर्षं उभी आहे. अंगावर काळा चिकट थर, बोनेट आणि टपावर पांढरट पट्टे, आत सीटवर बुरशी आणि दार उघडवत नाही असा वास. डिटेलिंगवाल्याने सिरॅमिक कोटिंगसकट (रंगावर लावायचा पारदर्शक रक्षक लेप) तीस हजार सांगितलेत. ते द्यावेत, की घरी काही होईल?

बरंचसं घरी होतं. पण सुरुवात रंगापासून करू नका. मी हेच काम करून पोट भरतो, आणि उभ्या राहिलेल्या गाडीत माझा पहिला दिवस पाणी कुठून आत शिरतंय ते शोधण्यात जातो. चकाकी आणायला फार अक्कल लागत नाही. आत पाणी मुरत असेल तर मात्र चकाकणारी गाडीसुद्धा पुढच्या श्रावणात पुन्हा तसाच वास मारणार.

त्याच्याही आधी कागद बघा. खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी असते, म्हणजे तुमच्या गाडीची मुदत २०२६ मध्ये संपते. पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण, त्यासाठी आरटीओची तपासणी, शिवाय पर्यावरण कर. हे सगळं करायची तयारी असेल तरच खर्चात पडा. दुसरी गोष्ट, मॅट उचलून चारही बाजूंचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. दारांच्या खालच्या कडा आणि चाकांवरच्या कमानींची आतली बाजूही बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो. पत्रा दबला किंवा भोक पडलं, तर तिथेच थांबा. ते काम वेल्डिंगवाल्याचं आहे आणि त्याचा हिशोब वेगळा.

आणि हौसेने चावी फिरवू नका. चार वर्षं उभ्या गाडीत उंदीर राहून गेलेले असतात. बोनेट उघडून एअर फिल्टरचा डबा बघा, वायरी कुरतडल्यात का बघा. लेंड्या दिसल्या तर झाडू मारू नका, धूळ उडते. हातमोजे आणि मास्क घालून, पातळ केलेलं ब्लीच शिंपडून, ओलं करून पुसून काढा. तुमच्याकडे पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) बातम्या येतात, तो मुख्यतः उंदरांच्या मुतातून पसरतो.

आता पाणी. काचेखाली वायपरच्या मुळाशी प्लास्टिकची जाळी असते. आंब्याची पानं, मोहोर, काटक्या सगळं तिच्यातून आत पडतं आणि कुजून पाणी जायची भोकं बुजवतं. मग पावसाचं पाणी तिथे तुंबतं आणि ब्लोअरच्या वाटेने गाडीत उतरतं. वायपर काढा, जाळी काढा, हाताने सगळा चिखल उपसा. मग एकाला टॉर्च घेऊन पुढच्या सीटच्या पायाशी बसवा आणि दुसऱ्याने वरून मगाने हळूहळू पाणी ओतायचं. आत थेंब दिसला की चोर सापडला. पाइपने फवारा मारून ही तपासणी करू नका, चहूकडून पाणी उडतं आणि काहीच कळत नाही.

तिथे कोरडं निघालं तर एसी बघा. आपल्या गाड्यांत कूलिंग कॉइल डाव्या बाजूला, डॅशबोर्डच्या आत असते. तिचं पाणी एका छोट्या नळीतून गाडीखाली जातं. ती नळी बुजली की डावीकडच्या माणसाच्या पायाखालचं कार्पेट ओलं होतं. उभ्या गाडीत एसी चालला नाही म्हणून हे कारण लगेच सोडू नका, कारण जाळीतून आलेलं पाणीही याच नळीने बाहेर जायला बघतं. खालून मऊ वायर घालून नळी मोकळी करा. दारांच्या खालच्या कडेलाही भोकं असतात, ती मातीने बुजलेली असतात. काडेपेटीतल्या काडीने साफ होतात. लोक तिथे हजारो रुपयांचं अँटी-रस्ट मारतात आणि भोकं तशीच बुजलेली ठेवतात.

मग कार्पेट. इथे आळस केलात तर बाकी सगळी मेहनत पाण्यात. वरून कार्पेट कोरडं लागेल, पण त्याच्याखाली जाड नमदा असतो आणि तो महिनोन्‌महिने पाणी धरून ठेवतो. वास तिथून येतो, सीटमधून नाही. आधी बॅटरीची वायर काढा. सीटला साधारण चार बोल्ट असतात. सीटखाली वायरीचा जोड असेल तर तो सोडवा. पिवळ्या रंगाचा जोड दिसला तर तो एअरबॅगचा, त्याला मेकॅनिकशिवाय हात लावू नका. दारातल्या प्लास्टिकच्या पट्ट्या उचकटल्या की कार्पेट मोकळं होतं. नमदा पिळून बघा, काळं पाणी निघालं तर धुण्याच्या नादी लागू नका, फेकून द्या. सीट कव्हरवाल्यांच्या बाजारात नवा नमदा मीटरवर मिळतो. कार्पेट कपड्याच्या साबणाने ब्रश मारून धुवा आणि कडक उन्हात वाळवा. पत्रा उघडा आहे तोवर गंज घासून त्यावर प्रायमरचा हात द्या. ही संधी पुन्हा येत नाही.

सीटवर रेक्झिनची कव्हरं असतील तर ती काढा. त्यांच्याखाली हवा जात नाही, बुरशीला तेच हवं असतं. सुकलेली बुरशी गाडीत घासायची नाही. सीट बाहेर उन्हात आणून व्हॅक्यूमने ओढून घ्या. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी अर्धं-अर्धं करून फवारा, थोडा वेळ राहू द्या, आणि शॅम्पूच्या फेसाने घासा. फेसाने म्हणतोय, पाण्याने नाही. सीटचा फोम एकदा भिजला की त्याला सुकायला दिवस लागतात, आणि ओला फोम म्हणजे पुन्हा बुरशी. ओलं ओढणारा व्हॅक्यूम भाड्याने मिळाला तर उत्तम. कपड्यावर ब्लीच अजिबात नको. सीटबेल्टवर तर नकोच, त्याने पट्ट्याचा धागा कमजोर होतो. बेल्ट पूर्ण ओढून चिमटा लावा, साध्या साबणाने पुसा, आणि खडखडीत वाळल्यावरच आत सोडा.

टपाच्या आतल्या लायनिंगला फार पाणी लावू नका. त्याच्यामागे पातळ फोम गोंदाने चिकटवलेला असतो. भिजला की कापड लोंबायला लागतं. ओलसर फडक्याने टिपून घ्या, निघेल तेवढं निघेल.

डॅशबोर्डला नारळाचं तेल, व्हॅसलिन, ते चमचमणारं सिलिकॉनचं पॉलिश, यातलं काहीही लावू नका. त्यावर धूळ बसते आणि दुपारी काचेत त्याचं प्रतिबिंब डोळ्यांवर येतं. पातळ साबणपाणी, मऊ ब्रश, कोरडं फडकं, झालं. वासासाठी परफ्युमची बाटली लटकवणाऱ्यांना मी नमस्कार करतो. ओझोन मशीनने वास खरंच कमी होतो, पण उगम काढून टाकल्यावर, आणि गाडीत कोणी बसलेलं नसताना. नंतर दारं उघडी टाकून गाडी नीट वारवायची.

आता रंग, ज्यासाठी तुम्ही विचारलंत.

तो काळा चिकट थर डांबर नाही आणि डिंकही फारसा नाही. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे असतात, ते गोड चिकट स्राव टाकतात आणि त्यावर काळी बुरशी वाढते. बागायतदारांना ही डोकेदुखी चांगली ठाऊक आहे. तुमच्या सोयीची गोष्ट अशी की मुळात ती साखर आहे, म्हणजे पाण्यात विरघळते. लोक रॉकेल किंवा थिनर घेऊन घासत बसतात. त्यापेक्षा सावलीत, पत्रा थंड असताना, कोमट साबणपाण्यात भिजवलेली जुनी चादर बोनेटवर पसरा आणि थोडा वेळ जाऊ द्या. बहुतेक सगळं सुटून येतं. खरा चीक उरला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन टिपा. कोरडी धूळ मात्र कधीही पुसायची नाही. उन्हात दिसणारे ते गोल गोल बारीक ओरखडे बहुतेक वेळा वॉचमनच्या कोरड्या फडक्याने पडलेले असतात.

टाकीत बोअरचं पाणी असेल तर पांढरे ठिपकेही असतील. पातळ व्हिनेगरने ते सुटतात, पण लगेच धुऊन टाका. धुतल्यावर हात फिरवून बघा. खरखरीत लागलं तर क्ले बार (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवा, भरपूर साबणपाणी लावून. क्ले जमिनीवर पडला की गेला. उचलून पुन्हा वापरलात तर त्यात अडकलेले खडे रंगावर रेघा ओढतील.

आता ते बोनेट-टपावरचे पांढरट पट्टे. तुमच्या सिल्व्हर गाडीला रंगाच्या वर पारदर्शक क्लिअरकोट असतो. कंपनीचा सगळा रंग प्रायमरसकट साधारण १०० ते १३० मायक्रॉन, त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५०, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. हा थर म्हणजे अशी ठेव आहे जिच्यातून फक्त काढता येतं, भरता येत नाही. रबिंग केलं की चकाकी येते ती त्यातलेच दोन-चार मायक्रॉन खरवडून. उन्हापासून वाचवणारं रसायनही याच थरात असतं, त्यामुळे दर दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्यांच्या गाड्या लवकर फिक्या पडतात.

तपासणी सोपी आहे. पट्टा ओला करा. ओला असताना रंग खुलला आणि हाताला सपाट लागला, तर तो फक्त निस्तेज झालाय, पॉलिशने येईल. कडेला नख अडकलं, पापुद्रा निघाला, तर क्लिअरकोट सुटलाय आणि जगातलं कुठलंही पॉलिश त्याला परत चिकटवत नाही. तुमच्या वर्णनावरून, आणि बोनेट-टप अशी उन्हाच्या तडाख्यातलीच जागा असल्याने, मला दुसरी शक्यता जास्त वाटते. (जुन्या पांढऱ्या किंवा लाल गाड्यांत बऱ्याचदा क्लिअरकोटच नसतो. तिथे पॉलिशच्या फडक्यावर गाडीचाच रंग येतो आणि लोक घाबरतात. घाबरायचं कारण नाही, तो वरचा मेलेला थर असतो.)

पापुद्रे निघत असतील तर त्या दोनच भागांना बूथमध्ये, म्हणजे धूळ न शिरणाऱ्या बंद खोलीत, रंग मारून घ्या. सिल्व्हर जुळवणं सगळ्यात अवघड, कारण त्यात ॲल्युमिनियमचे कण असतात आणि ते कसे बसतात त्यावर छटा बदलते. समोरून जुळलेला रंग बाजूने बघितला की वेगळा दिसतो. म्हणून पेंटरला दोन गोष्टी विचारा: गाडीवरच्या कंपनीच्या माहितीपट्टीतला रंगाचा कोड बघणार का, आणि शेजारच्या मडगार्डवर रंग विरत नेणार का. ‘डोळ्याने मिळवतो’ म्हणाला तर चहा पिऊन निघा.

बाकीच्या दारांना आणि डिकीला हलकं पॉलिश तुम्ही स्वतः करू शकता. मशीन घ्यायचं तर ड्युअल ॲक्शन (फिरता फिरता डोलणारं), गरागरा एकाच जागी फिरणारं रोटरी नको. नवशिक्याच्या हातात रोटरी कडांवरचा रंग मिनिटात जाळतं. कडांना, रेषांना मास्किंग टेप लावा. आधी सगळ्यात सौम्य पॉलिश, दीड फुटाचा तुकडा, उन्हाकडे धरून बघा. त्याने भागलं तर कंपाउंडचा (जास्त खरवडणाऱ्या पॉलिशचा) डबा उघडूच नका. खोल ओरखडे राहू द्या. ते काढायच्या नादात क्लिअरकोट संपवण्यापेक्षा दोन हातांवरून न दिसणारा ओरखडा परवडला. आणि कुठलाही भाग नखाने वाजवल्यावर बद्द आवाज आला तर तिथे आधी पुट्टी भरून रंग मारलेला असू शकतो. तिथे पॉलिश आणखी जपून.

पिवळे हेडलाइट टूथपेस्टने चमकतात, पण थोडेच दिवस. काचेसारखं दिसतं ते पॉलिकार्बोनेट असतं आणि त्याच्यावरचा रक्षक थर उन्हाने गेलेला असतो. १०००, २००० आणि ३००० नंबरचा वॉटर पेपर पाणी मारत क्रमाने, मग पॉलिश, आणि त्यावर यूव्ही क्लिअरचा स्प्रे. शेवटची पायरी गाळलीत तर वर्षाच्या आत पुन्हा पिवळे.

राहिलं सिरॅमिक. कोटिंग वाईट नसतं. पाणी घरंगळतं, धुवायला सोपं जातं. पण ते असलेल्या रंगावर बसतं, नसलेला रंग आणत नाही. पापुद्रे निघणाऱ्या बोनेटवर ते मारणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. आणि कोटिंगच्या जाहिरातीतला ‘९एच’ हा आकडा पेन्सिलीच्या कडकपणाच्या मापातला आहे, हिऱ्याबिऱ्याशी त्याचा संबंध नाही. हायवेवरचा खडा लागला की टवका उडणारच. नवीन रंग मारलेल्या भागांवर तर कोटिंग किंवा मेण लावायला पेंटर सांगेल तितके दिवस थांबा, रंगातलं थिनर बाहेर पडायला वेळ लागतो.

तुमच्या जागी मी असतो तर त्या तीस हजारांतले पहिले पैसे बोनेट आणि टपाच्या रंगावर घातले असते, थोडे नमदा, साबण आणि पॉलिशवर, आणि उरलेले टायर-बॅटरीसाठी राखले असते. बाकीच्या रंगावर साधं मेण किंवा सीलंट, दर तीन-चार महिन्यांनी. प्लास्टिकचं कव्हर टाकू नका, आत ओल कोंडते. आंब्याखालची जागा बदलता येते का, हे सेक्रेटरींना एकदा विचारा.

बोनेटच्या पट्ट्याचा एक फोटो कोरडा आणि एक पाणी मारून, दोन्ही उन्हात काढून इथे टाका. रंग मारावा लागेल की पॉलिशवर भागेल, ते बघून सांगतो.